साहेब फक्त विचारायचे

कुपवाडच्या त्या कारखान्यात मी मुलाखतीला गेले, तेव्हा साहेबांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, तुम्हाला सकाळी किती वाजता यावंसं वाटतं?"

नोकरीच्या मुलाखतीत असं कुणी विचारत नाही. मला वाटलं, माणूस मोठ्या मनाचा दिसतोय. मी म्हटलं, "दहाला जमेल." साहेब काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बघत राहिले. वर पंखा फिरत होता. पलीकडच्या शेडमधून लोखंड घासल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "साडेनऊलाही येऊ शकेन." चष्मा परत निघाला. नऊ म्हणून झालं, पावणेनऊ म्हणून झालं. शेवटी मी साडेआठ म्हटलं, तेव्हा चष्मा जागेवर राहिला आणि साहेबांचा चेहरा खुलला.

"छान," ते म्हणाले. "मी कोण सांगणारा? तुम्हीच ठरवलंत."

कारखाना साडेआठलाच सुरू होतो, हे मला दुसऱ्या दिवशी गेटवरच्या पाटीवर वाचायला मिळालं.

त्या माणसाच्या हाताखाली मी अकरा वर्षं काढली. नाव सांगून त्यांना मोठं करायची माझी इच्छा नाही. साखर कारखान्यांना लागणारे जड सुटे भाग आमच्याकडे तयार व्हायचे. शंभराच्या आसपास माणसं होती. कुणी सांगलीतून, कुणी मिरजेतून, कुणी आसपासच्या खेड्यांतून दुचाकीवर यायचं. मी विश्रामबागेतून स्कूटीवर जायची. ऑफिसची पत्रं, हजेरी आणि सोमवारच्या बैठकीचं रजिस्टर हे माझं काम. त्यातलं रजिस्टर हेच खरं काम होतं, हे कळायला मला वर्ष लागलं.

साहेब दिसायला अगदी साधे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट, केस तेल लावून मागे वळवलेले, आवाज कधी चढायचा नाही. खिशाला एक भारी पेन. ते पेन अकरा वर्षांत मी उघडलेलं पाहिलं नाही. बँकेत जाऊन करायच्या त्या सोडल्या, तर सगळ्या सह्या मॅनेजर करायचे. पत्रावर 'करिता' लिहायचं आणि खाली मॅनेजरनी सही ठोकायची. साहेब शेजारी उभे राहून विचारायचे, "तुम्हाला वाचून पटलं ना? नाहीतर करू नका सही. मी फक्त विचारतोय."

"मी फक्त विचारतोय" हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं, "मी कोण सांगणारा?" या दोन वाक्यांवर त्यांनी अख्खा कारखाना चालवला. बाहेरचे लोक म्हणायचे, काय नम्र माणूस आहे, प्रत्येकाला विचारून चालतो. एका समारंभात त्यांचा सत्कारही झाला. कामगारांना निर्णयात सामील करून घेणारे उद्योजक, असं त्या मानपत्रात लिहिलं होतं. मानपत्राचा मजकूर साहेबांनी मलाच विचारून विचारून माझ्याकडून लिहून घेतला होता.

त्यांची पद्धत अशी होती. मनात आधी सगळं ठरलेलं असायचं. पण ते स्वतःच्या तोंडानं कधी बोलायचं नाही. समोरच्याला विचारायचं, "तुमचं काय मत?" त्यानं मनाविरुद्ध सांगितलं की चष्मा काढायचा आणि गप्प बसायचं. समोरचा माणूस अस्वस्थ होऊन दुसरं काहीतरी सांगायचा. मग तिसरं. फिरत फिरत तो साहेबांच्या मनातल्या जागी येऊन उभा राहिला, की साहेब म्हणायचे, "तुम्हीच म्हणताय तर तसं करूया." रजिस्टरमध्ये त्या माणसाचं नाव यायचं. अमुक यांच्या सूचनेनुसार सर्वानुमते ठरले. अकरा वर्षांच्या नोंदी मी लिहिल्या, त्यात साहेबांच्या नावावर एकही निर्णय नाही. हे रजिस्टर टाइप करायला त्यांची ना होती. टाइप केलेलं हुकमासारखं दिसतं, हातानं लिहिलेलं आपलं वाटतं, असं त्यांना वाटायचं. म्हणजे असं मला वाटतं, असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं होतं.

आमच्या कँटीनच्या मावशी दुपारच्या चहाबरोबर प्रत्येकाला दोन बिस्किटं द्यायच्या. एकदा साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, बसायला खुर्ची दिली. मावशी आयुष्यात पहिल्यांदा त्या केबिनमध्ये बसल्या असतील. दहा मिनिटांनी बाहेर आल्या आणि माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "ताई," त्या म्हणाल्या, "बिस्किटं बंद करा, आसं मीच म्हणून आले बगा. आत गेल्यावर काय झालं, मला कळलंच न्हाई." पुढं दोन महिने पोरं त्यांना टोमणे मारत होती, की मावशी, तुमच्या घरचं जात होतं काय. साहेब कँटीनमध्ये आले की पोरं त्यांना उठून नमस्कार करायची. शिव्या मावशींना.

हॉटेलातही तेच. एकदा मिरज रस्त्यावर एका गिऱ्हाइकाला घेऊन आम्ही जेवायला गेलो होतो. साहेबांनी वेटरला विचारलं, "डोसा घ्यावा की उत्तप्पा? तुमचं काय मत?" तो बिचारा उत्तप्पा म्हणाला. उत्तप्पा आंबट निघाला. साहेबांनी हॉटेलच्या मालकाला बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, "तुमच्या माणसानं ठरवलं होतं." वेटरचा चेहरा मी बघितला. त्याला कशाबद्दल बोलणी बसतायत तेच समजत नव्हतं.

शनिवारी साहेब साताऱ्याला आईकडे जायचे. कऱ्हाडात थांबायचं की सरळ पुढं जायचं, हे ड्रायव्हरनं ठरवायचं. उशीर झाला की आईला सांगायला ड्रायव्हर तयार असायचा.

जुने कामगार याचं मूळ सासऱ्यांत शोधायचे. कारखाना सासऱ्यांनी उभा केला होता. साताऱ्याचा शिकलेला मुलगा बघून त्यांनी त्याला जावई करून घेतला आणि कारखान्यात एक टेबल दिलं. सासरे तापट होते. शेडमध्ये सगळ्यांदेखत म्हणायचे, "जावईबापू, तुम्ही गप्प बसा, तुम्हाला यातलं कळत नाही." पंधरा वर्षं साहेबांनी हे ऐकून घेतलं, मग सासरे गेले आणि ती खुर्ची साहेबांकडे आली. काही लोक म्हणायचे, त्या धाकानं माणूस असा झाला. मला ते पटत नाही. धाकानं माणूस गप्प होतो. दुसऱ्याच्या गळ्यातून आपला आवाज काढायची विद्या धाकानं येत नाही. ती हळूहळू, सरावानं आणि फायद्यासाठीच येते. सासऱ्यांच्या काळातला एक टर्नर एकदा मला म्हणाला, "म्हातारा शिव्या द्यायचा, पर सोताच्या तोंडानं द्यायचा."

आणि आम्ही? आम्ही तर त्याहून वाईट. आम्हाला सवय झाली होती. चष्म्याकडे बघून उत्तर द्यायला आम्ही शिकलो होतो. मॅनेजर त्यात तरबेज. प्रश्न पुरा व्हायच्या आत साहेबांच्या मनातलं उत्तर ते स्वतःचं मत म्हणून सांगायचे. त्यांना पगारवाढ मिळायची आणि आम्हाला हेवा वाटायचा. जेवणाच्या सुट्टीत आम्ही साहेबांची नक्कल करायचो. डब्यातली चपाती हातात धरून एक जण विचारायचा, "हिचं काय मत?" सगळे हसायचे. सुट्टी संपली की परत केबिनमध्ये जाऊन माना हलवायचो. साहेबांनी व्हॉट्सअॅपवर एक ग्रुपही केला होता. त्यावर ते सकाळी एखादा प्रश्न टाकायचे, 'काय करावं?' आणि पुढं हात जोडलेलं चित्र. मॅनेजरचं उत्तर आलं की खाली ओळीनं सगळ्यांची 'सहमत'. माझीही.

त्या कारखान्यात चष्म्याला न जुमानणारा एकच माणूस होता. आबा. शेडचे फोरमन. मूळचे वडूजचे. चौदा वर्षं फौजेत, तिथल्या वर्कशॉपमध्ये काढून आले होते. उंच, हडकुळे, बोलणं तुटक. साहेब सहसा त्यांना काही विचारायचे नाहीत, कारण आबा विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर द्यायचे.

एका वर्षी गळिताचा हंगाम तोंडावर आला असताना आमच्याकडे एका साखर कारखान्याचा ऊस पिळायचा मोठा रोलर दुरुस्तीला आला होता. काही टन वजनाचा तो जॉब क्रेननं उचलून लेथवर चढवायचा होता. आबांनी शनिवारी मॅनेजरला चिठ्ठी दिली, की क्रेनचा तारेचा दोर गेलाय, बदलल्याशिवाय जड जॉब उचलणार नाही. नवा दोर यायला आणि तपासून बसवायला पाच दिवस लागणार होते. गिऱ्हाइकाचा ट्रक गुरुवारी येणार होता.

सोमवारी दहाला बैठक बसली. साहेब, मॅनेजर, खरेदीचे एक जण, आबा आणि मी.

साहेब म्हणाले, "आबा, तुम्ही इतकी वर्षं क्रेन बघताय. तुमचा अनुभव काय सांगतो?"

"दोर बदलल्याबिगर जॉब उचलायचा न्हाई."

चष्मा निघाला. पुसून झाला. "म्हणजे अगदीच उचलता येणार नाही?"

"न्हाई."

"की जपून उचलता येईल?"

"न्हाई."

"एकच जॉब. हळू. तुमच्या देखरेखीखाली."

"न्हाई साहेब. फडकं फिरवून बघितलं दोरावरनं. अडकतंय. तारा तुटून कुसळागत भाईर आल्यात."

आमच्यापैकी कुणीही दुसऱ्या प्रश्नाला वाकला असता. आबांना तो प्रकार मुळात कळतच नसावा, असं मला आधी वाटलं. ते साहेबांच्या गप्प बसण्याकडे लक्षच देत नव्हते. साहेब गप्प बसले की तेही गप्प बसायचे, खिडकीबाहेर बघत. चहा आला, गार झाला, परत गेला.

मग साहेबांनी बाकीच्यांना विचारायला सुरुवात केली. मॅनेजर म्हणाले, आबांसारखा जाणकार माणूस समोर उभा असेल तर उचलायला हरकत नसावी. खरेदीवाले म्हणाले, मॅनेजरसाहेब म्हणतात ते बरोबर वाटतं. मग साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्हाला काय वाटतं?"

मला क्रेनमधलं काय कळतं? यंत्राबद्दल मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "सगळ्यांना वाटतंय तर..." आणि वाक्य सोडून दिलं. साहेबांना तेवढं पुरलं.

"बघा आबा," ते म्हणाले. "सगळ्यांचं मत पडतंय. तुमचं तेवढं राहिलं."

आबा खुर्चीत जरा पुढं सरकले. "साहेब, येक इचारू? तुमाला काय वाटतंय?"

अकरा वर्षांत त्या खोलीत हा प्रश्न कुणी विचारलेला मी ऐकला नव्हता. मॅनेजर टेबलाकडे बघायला लागले.

"मी कोण सांगणारा?" साहेब म्हणाले. "मी फक्त विचारतोय."

"तुमी मालक हाय. तुमी म्हणा, आबा, उचल. दोनच शब्द. मग मी काय करायचं ते मी बघतो. फौजेत मी चुकीच्या ऑर्डरी लय बघितल्या. पर ऑर्डर कुणी दिली त्येचं नाव म्हाईत आसायचं. हितं ऑर्डर हाय आन् देणारा कुणी न्हाई."

साहेबांनी ते दोन शब्द उच्चारले नाहीत. एक वाजता जेवणाची घंटा झाली. कुणी उठलं नाही. दोन वाजले. साहेब तोच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारत राहिले आणि आबा 'न्हाई' म्हणत राहिले. आवाज दोघांचाही चढला नाही. मला भूक लागली होती आणि खरं सांगायचं तर मला आबांचा राग येत होता. म्हणून टाका ना हो, सुटू दे सगळे, असं वाटत होतं. साहेबांची सगळी ताकद याच्यावरच उभी होती. माणूस कंटाळतो, त्याला घरी जायचं असतं.

अडीचच्या सुमाराला साहेबांनी मला विचारलं, "मॅडम, आपण काय लिहिलंत?"

मी काहीच लिहिलं नव्हतं. मी पेन उचललं आणि लिहिलं, 'जॉब आबांच्या देखरेखीखाली जपून उचलावा, असे सर्वानुमते ठरले.' मोठ्यानं वाचूनही दाखवलं.

आबा म्हणाले, "ताई, माझं 'न्हाई' लिव्हा."

मी साहेबांकडे बघितलं. चष्मा त्यांच्या हातात होता. मी रजिस्टर मिटलं.

आबा उठले. "ठरलं न्हवं? चला मग शेडमदी. सगळी चला."

आम्ही त्यांच्या मागोमाग गेलो. शेडमध्ये आबांनी लेथ बंद करायला सांगितले. क्रेन रोलरवर आणून उभी केली, रोलरला पट्टे घातले. क्रेनची बटणं स्वतःच्या हातात घेतली. मग खडूचा तुकडा घेऊन, रोलर उचलल्यावर ज्या वाटेनं सरकणार होता त्या वाटेवर जमिनीवर एक रेघ ओढली.

"ज्येनी ज्येनी चालंल म्हटलंय," ते म्हणाले, "त्येनी हितं रेघंवर उभं ऱ्हायचं. मी उचलतो."

कामगार कामं थांबवून बघत होते. मॅनेजरनी खिशातून फोन काढला आणि कुणाचाही फोन आलेला नसताना कानाला लावून बाजूला गेले. खरेदीवाले दोन पावलं मागे सरकले. मी खांबाच्या आड होते. तिथं मी कधी जाऊन उभी राहिले, मला आठवत नाही.

"या साहेब," आबा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. पाहुण्याला पाट मांडून बोलवावं तसं बोलवत होते.

साहेबांनी रेघेकडे बघितलं, वर दोराकडे बघितलं. मग शेजारी उभ्या असलेल्या एका वेल्डरला विचारलं, "तुमचं काय मत?" वेल्डरनं मान खाली घातली. दुसऱ्याला विचारलं. तो आबांच्या मागे जाऊन उभा राहिला. रेघ मोकळीच राहिली.

शेवटी साहेब म्हणाले, "आबा, म्हणजे दोर बदलावा असं तुमचं म्हणणं आहे. मग हे आधीच सांगायचं ना. तुम्हीच म्हणताय तर बदलूया."

एवढं बोलून ते शांतपणे केबिनमध्ये गेले. सकाळी दहापासून अडीचपर्यंत आम्ही जे ऐकलं ते त्यांनी ऐकलंच नव्हतं, असा चेहरा करून. मला वाटतं, चेहरा करत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत असावं.

दोर उतरवल्यावर आबांनी त्याचा एक तुकडा मॅनेजरच्या टेबलावर आणून ठेवला. आतल्या अर्ध्या तारा गंजून गेल्या होत्या. नुसत्या बोटानं मोडत होत्या. पुढच्या सोमवारी रजिस्टरमध्ये नोंद झाली, की आबांच्या आग्रहावरून काम पाच दिवस थांबले. तीही मीच लिहिली.

त्यानंतर साहेबांनी आबांना बैठकीला बोलावणं बंद केलं. अधूनमधून केबिनमध्ये बोलवायचे. माझं टेबल दाराशीच असल्यानं मला सगळं ऐकू यायचं.

"वडूजला शेती कोण बघतं?"

"भाऊ बगतोय."

"तुम्हाला आता गावी जावंसं वाटत असेल."

"वाटतंय की. पर नोकरी हाय."

दोन-तीन महिने हे चाललं. मग आबांच्या पुतण्याचं लग्न निघालं. पुतण्या फौजेत, सुट्टीवर आलेला. आबांनी मला रजेचा अर्ज आणून दिला. "दोन दिस गावाला जातोय ताई," म्हणाले आणि गेले.

सोमवारी बैठकीत साहेबांनी मला विचारलं, "मॅडम, आबा गावाला जायचं म्हणत होते, नाही का? तुम्ही ऐकलंत ना?"

मी म्हटलं, "हो, म्हणत होते."

"बऱ्याच दिवसांपासून त्यांच्या मनात आहे. तुमचं काय मत, आपण त्यांना अडवावं का?"

मॅनेजर लगेच म्हणाले, "कशाला अडवायचं? त्यांची इच्छाच आहे तर."

मी लिहिलं, 'आबांनी नोकरी सोडून गावी जाण्याची इच्छा व्यक्त केली. ती सर्वानुमते मान्य.' मला कुणी लिहा म्हटलं नव्हतं. 'नोकरी सोडून' हे शब्द तर कुणीच उच्चारले नव्हते. ते मी घातले. साहेबांना काय हवंय ते ओळखून घातले. मला कळलं नाही, असं मी म्हणणार नाही. लिहिताना मला सगळं कळत होतं.

आबा परत आले तेव्हा वॉचमननं त्यांना गेटवर अडवून मॅनेजरच्या सहीचं पत्र दिलं. राजीनामा स्वीकारल्याचं. आबा तसेच माझ्या टेबलाशी आले. हातात लग्नाच्या लाडवांचा डबा होता.

"ताई, मी राजीनामा कवा दिला?"

मी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढं केलं. त्यांनी बोट ठेवून वाचलं.

"अक्षर तुमचं हाय."

"हो."

"मी आसं म्हटलंवतं?"

"तुम्ही गावाला जातो म्हणाला होतात," मी म्हटलं. स्वतःचा आवाज मला साहेबांसारखा वाटला.

आबांनी मला काही बोलून घेतलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी डबा माझ्या टेबलावर ठेवला. "ह्ये वाटा सगळ्यांस्नी," म्हणाले आणि गेले. मी लाडू वाटले. सगळ्यांनी खाल्ले. चांगले झालेत, असंही म्हणाले.

आबांनी सांगलीत कामगार कार्यालयात अर्ज केला. महिनाभरानं सुनावणीचा दिवस आला. साहेब, मॅनेजर आणि मी रजिस्टर घेऊन गेलो. आबा आधीच येऊन बाकावर बसले होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. अधिकारी एक मध्यमवयीन बाई होत्या, कामाच्या ढिगाऱ्यात बुडालेल्या. त्यांनी विचारलं, "राजीनाम्याचा कागद कुठं आहे?"

साहेब म्हणाले, "कागद नाही. त्यांनी इच्छा व्यक्त केली. आमच्याकडे सगळं चर्चेनं, सर्वांच्या मतानं ठरतं. ही नोंद आहे."

"नोंद कुणी केली?"

"मॅडमनी. आबा बोलले तेही त्यांच्यासमोरच." आणि साहेब माझ्याकडे वळले, नेहमीच्या गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, आबा गावी जायचं म्हणत होते, नाही का? मी फक्त विचारतोय."

मी घरून काही ठरवून गेले नव्हते. हो म्हणणार होते, असंच मला वाटतं. पण मी समोर बघितलं तर आबा त्या सोमवारच्या बैठकीतल्यासारखेच खिडकीबाहेर बघत बसले होते. माझ्याकडून त्यांना काहीच अपेक्षा नव्हती. ते मला सोसलं नाही.

"पुतण्याच्या लग्नाला जायचं म्हणत होते," मी म्हटलं. "दोन दिवस. रजेचा अर्ज माझ्याकडे आहे. नोकरी सोडतो असं ते म्हणाले नव्हते. मी लिहिलंय ते खोटं आहे, आणि लिहिताना मला ते माहीत होतं."

अधिकारी बाईंनी पेन थांबवलं. "तुम्ही सांगताय ते मी लिहून घेतेय. नीट विचार करून सांगा."

"लिहा," मी म्हटलं. मग मी रजिस्टर ओढून घेतलं आणि क्रेनचं पान उघडलं. "इथंही सर्वानुमते लिहिलंय. आबांनी नाही म्हटलं होतं. माझं 'नाही' लिहा, असं सांगितलंही होतं. मी लिहिलं नाही."

मॅनेजर माझा हात दाबून काहीतरी खुणावत होते. साहेबांनी चष्मा काढला होता. पण तिथं त्या चष्म्याचा अर्थ कळणारे आम्ही दोघं-तिघंच होतो, आणि मी बोलून मोकळी झाले होते.

बाहेर व्हरांड्यात साहेब मला गाठायला आले. रागावले असतील असं मला वाटलं होतं. पण ते रागावलेले नव्हते, गोंधळलेले होते.

"मॅडम, असं बोलायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"आबांनी?"

"आबा महिनाभरात माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत."

"युनियनचं कुणी भेटलं होतं का?"

"नाही."

"मिस्टर म्हणाले?"

"त्यांना आजची सुनावणी आहे हेसुद्धा माहीत नाही."

साहेबांनी अगदी मनापासून विचारलं, "मग हे कुणाच्या मनात आलं?"

"माझ्या," मी म्हटलं. त्यांना ते काही केल्या पटेना. आपल्या गाडीत बसेपर्यंत ते दोनदा मागे वळून बघत होते, माझ्या आसपास कोण उभं आहे ते.

आबांना कामावर परत घ्यावं लागलं. ते आले, बरोबर एक महिना काम केलं आणि मग एका वहीच्या पानावर स्वतःच्या हातानं राजीनामा लिहून दिला. 'मी माझ्या मनाने नोकरी सोडत आहे' एवढंच त्यात होतं, खाली पूर्ण सही. आता वडूजला ट्रॉल्या दुरुस्तीचं त्यांचं वर्कशॉप आहे. दिवाळीत त्यांचा फोन येतो. झाल्या गोष्टीबद्दल त्यांनी मला कधी विचारलं नाही, आणि मला माफ केलंय की नाही हे मीही विचारलेलं नाही. मी सुनावणीच्या दुसऱ्या दिवशीच नोकरी सोडली होती. आता सांगलीत एका दवाखान्यात केसपेपर करते.

मागच्या महिन्यात मंडईत मॅनेजरच्या बायकोची गाठ पडली. कारखाना चालू आहे, साहेब तसेच आहेत, रजिस्टर आता दुसरी मुलगी लिहिते. भाजी घेता घेता ती जवळ आली आणि आवाज उतरवून म्हणाली, "एक विचारू का? आता इतकी वर्षं झाली, सांगायला हरकत नाही. साहेब अजून आमच्या ह्यांना विचारतात. तेव्हा तुमच्या मागं नक्की होतं कोण?"

मी म्हटलं, "कुणी नव्हतं हो."

"राहू दे, नसेल सांगायचं तर," ती म्हणाली, आणि मेथीची जुडी पिशवीत टाकून पुढं गेली.